नाशिकहून न्यूयॉर्क नेमकं किती तासांवर?

प्रश्न थोडक्यात असा आहे. इंदिरानगरला राहणाऱ्या एका सूनबाईंचे सासू-सासरे (वय ६६ आणि ७१) नोव्हेंबरअखेरीस लेकीच्या बाळंतपणासाठी न्यू जर्सीतल्या एडिसनला निघालेत. आयुष्यातला पहिलाच परदेश प्रवास. नेटवर नाशिक-न्यूयॉर्क अंतर साडेबारा हजार किलोमीटर दाखवतंय. एका तिकिटावर प्रवासाचे १६ तास लिहिलेत, दुसऱ्यावर २२, तिसऱ्यावर ३१. त्यात पहिल्या तिकिटावर विमान मुंबईहून रात्री १:३० ला सुटतं आणि त्याच तारखेला सकाळी ७ ला पोहोचतं. सासऱ्यांचं म्हणणं, साडेपाच तासांत अमेरिका कशी येईल, तिकीट चुकलेलं आहे. शेवटी सूनबाईंनी हळूच एक ओळ जोडली आहे: "आईंना कसारा घाटात गाडी लागते."

ताई, तिकीट बरोबर आहे आणि सासरेबुवांची शंकाही बरोबर आहे. मी नाशकात सव्वीस वर्षं तिकिटं काढून देतोय, पण हा प्रश्न दर वर्षी नव्याने येतो, कारण अंतर आणि उड्डाणाची वेळ हे दोन आकडे सगळ्यांना आधी हवे असतात आणि घर सोडायच्या दिवशी तेच सगळ्यात कमी कामाला येतात. तरीही आधी त्यांचाच हिशेब मांडतो, म्हणजे जेवताना घरात वाद राहणार नाही.

अंतराबद्दल. नेटवरचा आकडा खरा आहे, पण तो नकाशावर पट्टी ठेवून काढलेला नाही. घरात मुलांचा पृथ्वीगोल असेल तर एक दोरा घ्या, एक टोक नाशिकवर दाबा, दुसरं न्यूयॉर्कवर, आणि दोरा ताणून धरा. तो अरबी समुद्रावरून आफ्रिकेकडे जाणार नाही. पाकिस्तान, अफगाणिस्तान, मध्य आशिया करत मॉस्कोच्या थोडं उत्तरेने सरकेल, स्वीडन-नॉर्वे ओलांडून आइसलंडला लागेल, ग्रीनलंडच्या दक्षिण टोकाशी येईल आणि कॅनडातून खाली न्यूयॉर्कला उतरेल. तो ताणलेला दोरा म्हणजे तुमचे साडेबारा हजार किलोमीटर. सपाट नकाशावर या दोन शहरांमध्ये सरळ रेघ मारून तीच दिशा धरून विमान नेलं, तर अंतर चौदा हजारांच्या पुढे जातं.

कुणाला न्यूयॉर्कची दिशा विचारली की नाशिककर त्र्यंबकेश्वरकडे, म्हणजे पश्चिमेला हात करतो. मीही करायचो. प्रत्यक्षात इथून न्यूयॉर्कची सगळ्यात जवळची वाट पेठ आणि सुरगाण्याच्या मधून निघते, म्हणजे जवळजवळ उत्तरेला, जराशी पश्चिमेकडे कललेली. आणखी एक गंमत सासरेबुवांना जरूर सांगा. नाशिक शहर लंडनच्या ग्रीनिचपासून पूर्वेला सुमारे ७३.८ अंशांवर आहे आणि न्यूयॉर्कचा केनेडी विमानतळ पश्चिमेला सुमारे ७३.८ अंशांवर. लंडनला मध्ये उभं केलं तर दोन्ही गावं दोन बाजूंना सारख्याच अंशांवर. मला हे कळलं तेव्हा मी दोन दिवस दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला ऐकवत होतो.

अर्थात विमान दोऱ्यावरून जात नाही. वाटेत देश आहेत आणि देशांची भांडणं आहेत. २०२२ मध्ये रशियाने युरोप-अमेरिकेच्या कंपन्यांना आपलं आकाश बंद केलं, भारतीय कंपन्यांना ते खुलं राहिलं. २०२५ च्या एप्रिलमध्ये पाकिस्तानने भारतीय विमानांना हवाई हद्द बंद केली. त्यामुळे एकाच दिवशी, एकाच दोन गावांमध्ये, दोन कंपन्यांची विमानं वेगवेगळ्या वाटांनी जातात आणि त्यांच्या वेळांत तास-दीड तासाचा फरक पडतो. तिकिटावरचा वेळ कंपनीनुसार का बदलतो, याचं निम्मं उत्तर इथेच आहे.

आता वेळ. लांब पल्ल्याचं जेट विमान वर स्थिर झालं की ताशी ९०० किलोमीटरच्या आसपास चालतं. साडेबारा हजाराला ९०० ने भागलं की चौदा तासांपेक्षा किंचित कमी येतं. मग तिकिटावर १६ कुठून आले? एक तर तिकिटावरचा वेळ हा विमान गेटवरून मागे सरकल्यापासून पलीकडे गेटला लागेपर्यंतचा असतो. त्यात धावपट्टीपर्यंत रांगत जाणं, रांगेत थांबणं, चढणं, उतरणं सगळं आलं. मुंबईत रात्री एक-दीडच्या सुमाराला ही रांग चांगलीच लांब असते. दुसरं, वर सांगितलेला वळसा. आणि तिसरा, सगळ्यात मोठा गडी म्हणजे वारा.

विमानं उडतात त्या उंचीवर, साधारण नऊ ते बारा किलोमीटरवर, पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारे जोरकस वाऱ्यांचे पट्टे असतात. त्यांना जेट स्ट्रीम म्हणतात. हिवाळ्यात ते जास्त जोर धरतात, ताशी दीडशे-दोनशे किलोमीटर ही त्यांच्यासाठी रोजची गोष्ट. असा वारा समोरून आला की ९०० चे ७५० होतात, पाठीशी आला की १०५०. म्हणून अमेरिकेला जाताना वेळ जास्त आणि येताना कमी. पृथ्वी पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरते, मग विमान नुसतं वर थांबलं तरी अमेरिका खाली यायला हवी, असा युक्तिवाद एका निवृत्त मास्तरांनी माझ्यासमोर अर्धा तास केला होता. हवा पृथ्वीबरोबरच फिरते, एवढं सांगून मी चहा मागवला.

वारा किती मोठा गडी आहे याचं माझं आवडतं उदाहरण दिल्ली-सॅन फ्रान्सिस्कोचं. एअर इंडियाचं हे थेट विमान आधी युरोप आणि अटलांटिकवरून जायचं, सुमारे १३,९०० किलोमीटर. ऑक्टोबर २०१६ मध्ये त्यांनी ते उलट्या दिशेने, जपान आणि प्रशांत महासागरावरून नेलं. अंतर वाढून १५,३०० झालं आणि वेळ दोनेक तासांनी कमी झाला, साडेचौदा तासांवर आला. चौदाशे किलोमीटर जास्त जाऊन लवकर पोहोचले, कारण वारा पाठीशी होता. तेव्हापासून कुणी मला नुसतं अंतर सांगून वेळ विचारला की मी आधी विचारतो, जायचं कुणीकडून?

घरच्या घरी अंदाज काढायचा असेल तर मी वापरतो तो हिशेब असा: किलोमीटरला ८५० ने भागा, त्यात अर्धा-पाऊण तास मिळवा. पश्चिमेकडे लांब जायचं असेल तर आणखी अर्धा-एक तास वर धरा, पूर्वेकडे यायचं असेल तर तेवढाच कमी करा. मुंबई-दुबई साधारण १,९०० किलोमीटर, तीन तासांच्या आसपास येतात. मुंबई-लंडन ७,२००, जाताना साडेनऊ-दहा तास. तुमचं न्यूयॉर्क १२,५००, जाताना सोळाच्या जवळ. बरोबर बसतंय बघा.

आता साडेपाच तासांचं कोडं. तिकिटावर प्रत्येक वेळ त्या-त्या गावच्या घड्याळाप्रमाणे छापतात. न्यूयॉर्कचं घड्याळ हिवाळ्यात आपल्यामागे साडेदहा तास असतं आणि उन्हाळ्यात साडेनऊ, कारण ते लोक मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळ तासभर पुढे करतात आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी परत मागे आणतात. सासू-सासरे नोव्हेंबरअखेर निघतायत, म्हणजे साडेदहाचा हिशेब. रात्री १:३० ते सकाळी ७ हे दिसायला साडेपाच तास, अधिक साडेदहा, झाले १६. परतीचं तिकीट मे महिन्याचं काढणार म्हणालात. तिथून दुपारी १२:३० ला निघालेलं विमान समजा दुसऱ्या दिवशी दुपारी १२:३० ला मुंबईत उतरलं, तर दिसायला २४ तास, वजा साडेनऊ, म्हणजे साडेचौदा. जाताना दिवस मोठा झालेला दिसतो, येताना एक रात्र कुठेतरी हरवते.

आणि ताई, ही रात्री दीडची वेळ नीट बघा. इथे माझा स्वतःचा हात पोळलेला आहे. धंद्यात नवा होतो तेव्हाची गोष्ट. सिडकोतल्या एका जोडप्याचं तिकीट १५ तारखेचं होतं, वेळ रात्री १२:५०. मी पाकिटावर झोकात लिहिलं, "१५ तारीख, रात्री १२:५०". ती दोघं १५ ला संध्याकाळी ओवाळून घेऊन, पेढे वाटून निघाली आणि रात्री दहाला विमानतळावर पोहोचली. विमान एकवीस तासांपूर्वीच गेलेलं होतं. फोनवर त्या बाई रागावल्या नाहीत, नुसत्या गप्प झाल्या, ते जास्त लागलं. तिकीट बदलायचे पैसे मी भरले. तेव्हापासून मी विमानाची वेळ पाकिटावर लिहितच नाही. "शुक्रवारी १४ ला संध्याकाळी पाचला घर सोडायचं" असं लिहितो. तुम्हीही फ्रिजवर तेवढंच चिकटवा.

तर खरे तास किती? मी नेहमी इथल्या उंबरठ्यापासून तिथल्या उंबरठ्यापर्यंत मोजतो. थेट विमान रात्री १:३० चं धरू. संध्याकाळी पाचला इंदिरानगर सोडायचं. मुंबईचा टर्मिनल दोन गाडीने पावणेदोनशे किलोमीटरच्या आत आहे, पण साडेचार-पाच तास हाताशी ठेवायचे. विमानतळावर साडेतीन-चार तास आधी पोहोचायचं, म्हणजे साडेनऊ-दहा. १:३० ला विमान, १६ तास. उतरल्यावर इमिग्रेशनची रांग, बॅगा, जावईबापूंची गाडी सापडणं आणि एडिसनपर्यंतचा रस्ता, मिळून साडेतीन तास. बेरीज करा: साडेआठ अधिक सोळा अधिक साडेतीन, झाले २८. ज्या तिकिटावर १६ लिहिलंय ते २८ तासांचं आहे. २२ वालं ३४ तासांचं. आणि ३१ वालं ४३ तासांचं, म्हणजे जवळजवळ दोन दिवस. एकाहत्तर वर्षांच्या माणसाला ते मी विकणार नाही, कितीही स्वस्त असो.

२२ तासांच्या तिकिटाला मात्र नाकं मुरडू नका. लोकांना वाटतं, मध्ये उतरणारं विमान म्हणजे लांबचा फेरा. तसं फारसं नसतं. दुबईमार्गे दोन्ही टप्प्यांची बेरीज १२,९०० च्या आसपास जाते, लंडनमार्गे तर १२,७५० च. साडेबारा हजारांत दोन-चारशे म्हणजे जेमतेम अर्धा तास. उरलेला सगळा वेळ विमानतळावर बसण्याचा असतो. आणि काही जणांना तो लागतो. गुडघे आखडणारे, प्रोस्टेटचा त्रास असणारे, सोळा तास एका खुर्चीत काढू न शकणारे लोक तीन-चार तासांच्या थांब्यात पाय मोकळे करतात, तोंड धुतात आणि पुढे जास्त ताजे जातात. सासरेबुवांना विचारा, नाशिक-पुणे बसमध्ये ते कितीदा उतरतात? त्यावरून ठरवा. थांबा दोन तासांपेक्षा कमी नको, कारण पहिल्यांदा जाणारी माणसं पुढचं गेट शोधताना घाबरतात. सहा-सातपेक्षा जास्तही नको. अबू धाबीमार्गे गेलात तर एक वेगळा फायदा आहे. अमेरिकेचं इमिग्रेशन तिथेच उरकतं आणि अमेरिकेत उतरल्यावर नुसत्या बॅगा घेऊन बाहेर पडायचं असतं. मात्र तिथे थांबा तोकडा घेऊ नका, रांग तिथे लागते. अमेरिकेतल्याच दुसऱ्या शहरात विमान बदलायचं असेल तर पहिल्या शहरातच इमिग्रेशन होतं, बॅगा पट्ट्यावरून उचलून पुन्हा द्याव्या लागतात. पहिल्या खेपेला हे टाळा.

एक गोष्ट तुमच्या प्रश्नात नाही, पण तुमच्या लेखी सगळ्यात मोठी तीच ठरेल. "न्यूयॉर्क" असं शोधलं की नेटवर केनेडी आणि नेवार्क हे दोन्ही विमानतळ येतात. नेवार्क न्यू जर्सीतच आहे, एडिसनपासून तीसेक किलोमीटर. केनेडी न्यूयॉर्कच्या पलीकडच्या टोकाला, तिथून एडिसन साधारण दुप्पट लांब आणि मध्ये पुलांवरचा ट्रॅफिक. नणंदबाई नवव्या महिन्यात असतील, जावईबापू एकटेच घ्यायला येणार. नेवार्कला जाणारं विमान आणि केनेडीला जाणारं विमान यांत भाड्याचा फरक थोडा असेल तर नेवार्क घ्या. तसंच इकडे: मुंबईला आता दोन विमानतळ आहेत. नवी मुंबईचा २५ डिसेंबर २०२५ पासून सुरू झाला आहे. तिकिटावर बीओएम (जुना विमानतळ) आहे की एनएमआय (नवी मुंबई) ते वाचल्याशिवाय ड्रायव्हरला पत्ता सांगू नका.

आता मुंबईपर्यंतचा रस्ता, जो माझ्या मते या प्रवासातला सगळ्यात अवघड टप्पा आहे. वर आकाशात विमान किती वाजता कुठे असेल हे मिनिटागणिक सांगता येतं, भिवंडीचं कुणीच सांगू शकत नाही. जून २०२५ मध्ये समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा खुला झाला आणि कसारा घाट टाळता येऊ लागला. जवळपास आठ किलोमीटरच्या बोगद्यातून गाडी सरळ जाते. आईंना घाटातल्या वळणांनी मळमळतं, त्यावर हा सगळ्यात चांगला उपाय आहे. इगतपुरीजवळ समृद्धीवर चढायचं हे ड्रायव्हरला निघतानाच बजावा, टोल वाचवायला काही जण जुन्या रस्त्यानेच दामटतात. आमण्याला उतरलं की मात्र पुन्हा भिवंडी, माजिवडा, ठाणे आणि संध्याकाळची गर्दी. घाटात वाचलेला वेळ तिथे परत जाऊ शकतो, म्हणून पाच तासांतला एक मिनिटही मी कमी करणार नाही. डोंबिवली-ठाण्याला कुणी आत्या, मावशी असेल तर आदल्या दिवशी सकाळी पंचवटी एक्स्प्रेसने जा, दुपारी तिथे झोपा, रात्री आरामात विमानतळ गाठा. बॅगा चार असतील तर रेल्वे नको, हे आलंच.

नाशिकच्या ओझर विमानतळाचा पर्यायही आहे. ओझरहून दिल्लीला विमान जातं, साधारण दोन तास, आणि दिल्लीहून न्यूयॉर्क-नेवार्ककडे जाणारी विमानं मिळतात. ओझर घरापासून पाऊण तासावर, ना घाट ना भिवंडी. वेळ जुळत असेल तर वयस्कर माणसांसाठी मला हे आवडतं. अट एकच: दोन्ही टप्पे एकाच तिकिटावर, एकाच पीएनआरवर हवेत. वेगवेगळी तिकिटं काढली आणि ओझरचं विमान उशिरा पोहोचलं, तर पुढची कंपनी थांबत नाही आणि पैसेही देत नाही. बॅगा दिल्लीत घेऊन टर्मिनल बदलावं लागतं ते वेगळंच. शिवाय डिसेंबर-जानेवारीत दिल्लीत धुकं असतं. नोव्हेंबरअखेर थोडा धोका कमी, तरी मध्ये पाच तास तरी ठेवा.

व्हीलचेअर तिकीट काढतानाच सांगून ठेवा, दोघांसाठी.  लाज वाटते असं सासरेबुवा म्हणतील. त्यांना सांगा की ढकलणारा माणूस इमिग्रेशनच्या खिडकीपर्यंत सोबत असतो, रस्ता विचारावा लागत नाही. औषधं मोठ्या बॅगेत टाकू नका, चिठ्ठीसकट हातातल्या पिशवीत. रक्तदाबाची, साखरेची गोळी कुठल्या घड्याळाप्रमाणे घ्यायची हे निघण्याआधी डॉक्टरांकडून कागदावर लिहून आणा. साडेदहा तासांच्या फरकात एक गोळी दोनदा तरी जाते नाही तर एकदाही जात नाही. एका घड्याळाची वेळ बदलू नका, ते नाशिकच्याच वेळेवर राहू द्या. विमानात दर दीड-दोन तासांनी उठून एक फेरी मारायची, पाणी पीत राहायचं.

डिंकाचे लाडू, चिवडा, गोडा मसाला खुशाल न्या आणि तिथल्या फॉर्मवर किंवा विचारलं तर खाण्याचे पदार्थ आहेत असं सांगा. ताजी फळं, भाज्या, रोपं नकोत. देवघरातली तुळस पिशवीत घालून नेणारे मी पाहिले आहेत.

तुमच्या तीन तिकिटांपैकी माझी पसंती अशी. सासरेबुवा सलग बसू शकत असतील तर १६ वालं थेट, नेवार्क मिळालं तर उत्तमच. नसतील बसू शकत तर २२ वालं, थांबा तीन-चार तासांचा आहे याची खात्री करून. ३१ वालं सोडून द्या. परतीचं तिकीट काढताना विमान मुंबईत किती वाजता उतरतं ते बघा. पहाटे तीनला उतरलेल्या माणसाला रात्री जागलेल्या ड्रायव्हरबरोबर पुन्हा नाशिक गाठायचं असतं. मे महिन्यात दुपारी साडेबाराला उतरलं तर ऊन असेल, पण संध्याकाळी साडेसहापर्यंत घरी चहा होईल.